अंतर पुन्हा मोजताना

तळं तिकडं आल्प्समध्ये, उन्हाळा जुलैत.
आपल्याकडं जुलैत यवतेश्वरचा घाट ढगात असतो,
सायकलच्या ब्रेकला बुरशी धरते,
म्हणून सराव चैत्रातच उरकायचा, असं ठरलं
पोवई नाक्यावर, रसाच्या गाड्यामागं,
चौघांत मिळून एक नकाशा पसरून.

नकाशा माझ्याकडं सरकला. नोकरीच ती:
भूमी अभिलेख, मोजणी, एकवीस वर्षं.
तळं लांबट, भेंडीसारखं शेंड्याला वाकडं,
भोवती समोच्च रेषा इतक्या दाट
की यास्मिन म्हणाली, "मेघना, ह्या सुरकुत्या कसल्या?"
चढ आहे, म्हटलं. सायकल तिथूनच जाणार.
ती सिव्हिलला रात्रपाळीची नर्स.
तिनं चढाकडं बघत शिल्लक रजा मोजली.

विमान. सायकलचा खोका, त्याचं भाडं माणसाच्या निम्मं.
रबरी पोशाख चार, त्यातला एक उसना.
तंबूच्या जागेचा दर रुपयात केला
तेव्हा रसवाल्याची घुंगरं तेवढी वाजत राहिली.
पारस ओसवालचं भांड्यांचं दुकान.
"डाळ-तांदूळ इथूनच नेऊ," तो म्हणाला, "कुकर माझा."

पाणी सोळा अंश, असं लिहिलं होतं.
सोळा म्हणजे किती, हे अंगाला माहीत नव्हतं.
एमआयडीसीतून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या,
पारसच्या गोदामातल्या निळ्या पिंपात फोडल्या,
यास्मिननं थर्मामीटर धरला
आणि पाळीपाळीनं बसलो.
पहिल्या मिनिटाला देव आठवतो,
तिसऱ्याला कर्जाचे हप्ते.
शिंगटेकाका सात मिनिटं बसले, अवाक्षर नाही.
बाहेर येऊन म्हणाले, "आमच्या विहिरीचं, पौषातलं."

बाजीराव शिंगटे, वय एकसष्ट,
एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त.
पोहायला शिकले कमरेला पांगिऱ्याचा बिंडा बांधून.
ते गाव आता उरमोडीच्या धरणात.
विहीरही. पाण्यात पाणी.

सराव तिथंच, रविवारी पहाटे.
मार्चात मी अंतर मोजून दिलं:
करंजापासून पलीकडच्या खडकापर्यंत आणि परत,
एकोणीसशे मीटर.
एप्रिलात तेच पंधराशे भरलं.
आपला वेग वाढला, असं पारसला
दोन आठवडे वाटत होतं.

मग वर आले बांध.
जोत्यांच्या ओळी, जात्याची एक तळी,
बाभळीची काळी खोडं;
आणि एका रविवारी काका पोहता पोहता थांबले
आणि उभे राहिले. पाणी मांडीइतकं.
रबरी पोशाख, कपाळावर सरकवलेला गॉगल.
"इथं शाळू व्हायचा," म्हणाले.
"मोजणीबाई, नंबर सांगा."
मी बघून ठेवला होताच, जुन्या नकाशात,
ज्यात धरण नाही.
दोनशे सात.

व्हिसाच्या अर्जाला जोडायचे कागद.
प्रवासाचा उद्देश: पोहणे, सायकल, धावणे.
स्थावर मालमत्ता: इथं त्यांचं पेन अडलं.
"बुडालेली धरायची का?"
रिकामं ठेवा काका, यास्मिन म्हणाली.
मी बोलले नाही. मी शासनाची माणूस.

परवा पुन्हा तो नकाशा काढला,
त्या तळ्याखाली कुणाचा बांध दिसतो का बघायला.
नुसती खोली दिलीय. निळ्याच्या आत निळा.
बर्फ वितळून झालं म्हणतात, मी सांगितलं.
"मग नोटीस कुणाला आली नसंल,"
काका म्हणाले, आणि नकाशाची घडी
आमच्या ऑफिसात घालतात तशी, बरोब्बर घातली.
पारसनं विचारलं, कुकर तीन लिटरचा की पाचचा.

उद्या पाचला निघायचं.
केशरी फुगा या वेळी
दोनशे सातच्या ईशान्य कोपऱ्यावर बांधू,
तिथं अजून गळ्याइतकं आहे.
वळसा डावीकडून.