जाळीचं दार

ऑर्लेटा स्टेनमनच्या पायरीवर मी उभा होतो,
टोपी हातात, नेब्रास्काचं जुलैतलं ऊन मानेवर.
मक्याला पाणी देणाऱ्या यंत्रांची तांब्याची तार
कुणीतरी कापून नेली होती, लागोपाठ तीन शेतांतून,
आणि तिचा नातू कोडी
परवापासून नवे बूट घालून हिंडत होता.
एवढंच होतं माझ्याकडे. बूट.

"जरा आत बघू द्या," म्हटलं.
तिने जाळीच्या दाराचा आकडा काढला नाही.
पस्तीस वर्षं शाळेत जेवण वाढलेली बाई,
मलाही तिनेच वाढलेलं;
कोण पुन्हा मागणार ते ताट पुढे यायच्या आत ओळखणारी.
"कागद आणलायस?"

मी आपलं नेहमीचं ठेवून दिलं,
कर नाही त्याला डर कशाला?

"डर नाही रे, लॉइड," ती म्हणाली,
"दार आहे."

कागदासाठी बेचाळीस मैल.
खडीचा रस्ता, धान्याचे उंच कोठार, मग पुन्हा खडी.
गाडी सरकारी, बिल्ला सरकारी, कमरेला पिस्तूल,
आणि मला अडवलं कशाने
तर पोराने बोट घातलं तरी फाटेल अशा जाळीने.
वाटभर मी तिच्याशी भांडत होतो.
सगळे मुद्दे बिनतोड. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

शनिवार होता. न्यायाधीश बीट्रिस ओल्ड्रिज
परसात टोमॅटोला काठ्या बांधत होत्या.
अर्ज त्यांनी दोनदा वाचला.
शोधायचं काय? तार.
कुठे? घरात.
"घरात म्हणजे? माळ्यावर? तिच्या उशीखाली?"
कुणी पाहिलं? कुणी नाही.
मग?

बूट, मी म्हटलं.
बोलताना मलाच ते लहान झाल्यासारखे वाटले.

"बूट घेणं हा गुन्हा ठरवायचा असेल
तर तो राजधानीत, निवडून दिलेल्यांनी ठरवावा.
तू नाही. मीही नाही."
म्हातारी चोराला लपवतेय, मी चिडून म्हणालो.
"असेलही. शंका येणं तुझं काम.
ती पुरते का, हे बघणं माझं.
दोन्ही एकाच डोक्यात कोंबू नयेत
म्हणून तर हे बेचाळीस मैल."

कागद परत आला.
सहीच्या जागी मातीचा अंगठा.

नोकरीला लागलो तेव्हा हात वर करून शपथ घेतली होती.
शेरीफची नाही, जिल्ह्याची नाही,
राज्यघटनेची.
बायको फोटो काढत होती, कॉलर टोचत होती,
ओठांनी म्हटलं आणि केक कापला.

परतताना तिच्या घरावरून गेलो. थांबलो नाही.
स्वयंपाकघरात दिवा होता, पडद्यामागे कुणीतरी हललं.
कोडी असेल. मांजर असेल.
तार आजतागायत सापडली नाही,
आणि तो विचार अजूनही मला
रात्री कधीतरी बुटातल्या खड्यासारखा टोचतो.

नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं.
मी सुट्टीवर, साध्या कपड्यांत, रांगेत.
माझ्या पुढे ऑर्लेटा, हातात काठी.
त्या वर्षी शेरीफचीही निवडणूक होती.
ती मागे वळली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली,
"तुझा साहेब कुठल्या रकान्यात आहे रे?"
टेबलाशी बसलेल्या बाईंनी डोळे वटारले.
ती हसली. मलाही हसू आलं, आणि थोडी भीतीही.

मग ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.
पुठ्ठाच तो, फुंकर मारली तर पडेल असा.
तिने डावा तळवा मतपत्रिकेभोवती कमानीसारखा धरला,
परीक्षेत पोरं धरतात तसा.
मी दोन हातांवर होतो. मान जरा लांबवली असती तर दिसलं असतं.

मी बास्केटबॉलच्या कड्याकडे बघत राहिलो.
त्याची जाळी एका बाजूने सुटली होती.