चार वाजल्यानंतरचं पाणी

चौथीच्या वर्गात आठ घरं.
फळ्यावर अजून हातच्याच्या बेरजा.
वैनगंगा परवाच उतरली,
भिंतीवर कमरेएवढी रेघ सोडून.

मी पिंपात औषधाचे थेंब मोजून टाकते.
बाया घोटभर घेतात, पेला पालथा घालतात.
साहेब म्हणाले, जनजागृती कमी पडते.
लिहिलं मी तसंच.

तिसऱ्या दिवशी फुलवंता पडली, सातवा महिना,
ओठ धानाच्या कोंड्यासारखे.
"पानी काऊन नाही पेत व?"
ती मास्तरच्या खुर्चीकडे बघत राहिली.
सासूच बोलली मग, हळू,
"चार वाजल्यावर कोनीच नाही पेत, बाई.
संडास पटांगणाच्या पल्याड.
दिवा नाही. कडी नाही.
अन् वाटेत ट्रकवाले निजतात."

मागणीपत्रावर गोळ्यांच्या खाली लिहिलं:
बल्ब एक, वायर चाळीस हात, कड्या दोन.
"हे आरोग्यात बसते का?" साहेबांनी विचारलं.
मी फुलवंताच्या सलाईनकडे बोट केलं.

सांजेला कवडू वायरमननं होल्डर बसवला.
आधी किडे जमले.
मग सासू एकटीच जाऊन आली, कडी दोनदा लावून पाहिली म्हणे.

रात्री मी रजिस्टर भरत होते.
पिंपाचं झाकण वाजलं.
मग पुन्हा.