तिसरी चिठ्ठी

तोर्निओ नदीच्या अलीकडे बारा वाजले
की पलीकडे एक.
ताइमी जुन्या जकातचौकीचं कुलूप काढते.
आता तिथे संग्रहालय आहे; तिकीट नाही.

फळीवर लोण्याचा डबा, ज्यातून चोरून कॉफी यायची
(डबाच फक्त; कॉफी कधीच पिऊन झाली),
एक हातमोजा, डावा,
आणि धबधब्यातून मासे उपसायचं
बापाचं लांब दांड्याचं जाळं.

चिठ्ठ्या दोन भाषांत. सरकारी, नीटस.
जाळ्याला घरी जे म्हणत
त्या एका शब्दापायी
शाळेत तिला उपाशी बसवलं होतं.

आज तिसरी चिठ्ठी लिहिली तिने,
पेन्सिलीनं, खोडता येईल अशी.
मग खोडरबर खिशात घालून
दार ओढून घेतलं.

भिंतीवरचं घड्याळ सहा महिने बंद आहे.
दोन्ही काठांवरून
अजून कुणाची तक्रार नाही.