उंबरठ्याखाली

शकुनताई हेडाऊ तांडापेठेत आल्या तेव्हा
मे महिना, दुपारचे तीन, कूलरमधलं पाणी संपलेलं.
नळ पहाटे चारला नको, सहाला: लिहून घेतलं.
नाल्यावर जाळी: हो.
कुत्र्यांचं बघू म्हणाल्या
आणि गल्लीतल्या लंगड्याला बिस्किट दिलं.

मग आईनं रस्ता दाखवला.
सिमेंटचा. तीनदा झाला, तीनदा चढला;
आता आम्ही दोन पायऱ्या उतरून घरात येतो,
पावसाळ्यात पाणीही येते, न विचारता.

कार्यकर्ता म्हणाला, "करून टाकू न, काकू."
शकुनताई खाली बसल्या,
वीत लावून मोजत राहिल्या.
"रस्ता खाली नाही येत आता.
खोटं काऊन बोलू?"

पत्रक आईनं फेकलं नाही.
चार घड्या करून
दाराच्या फटीत कोंबलं,
रस्त्याच्या बाजूनं.