हयातीचा दाखला

दर दोन वर्षांनी ऑड्री क्लेग
लायब्ररीच्या काउंटरवर तपकिरी पाकीट ठेवते.
आत इंग्लंडहून आलेला कागद, त्यात एकच प्रश्न:
ही बाई जिवंत आहे का?
ओळखणाऱ्या कुणीतरी सही करायची.

"नीट बघून घे," ती म्हणते,
"मागच्या वेळेपेक्षा जरा कमीच भरेन."

ओल्डहॅमच्या बिस्किट कारखान्यात एकतीस वर्षं.
दर शुक्रवारी पगारातून कापलेले
आधी शिलिंग, मग पेन्स
तिला अजून तोंडपाठ.
मुलगी इथे, विंडसरला. गुडघे तिकडे थकले. म्हणून आली.
कुणी सांगितलं नव्हतं, असं ती म्हणत नाही.
सांगितलं होतं, बारीक अक्षरात.
चष्मा तेव्हा बांधलेल्या सामानात होता.

विमान उतरलं त्या दिवशीचा आकडा
चौदा वर्षं तसाच आहे,
फ्रीजरमधल्या मटारासारखा टणक, हिरवागार.
भाडं वाढलं, लोणी वाढलं, औषधाच्या गोळ्या वाढल्या.

नदीपलीकडे डेट्रॉइट.
तिथे डॉरिन ऑग्डन,
त्याच पट्ट्यावर हिच्या कोपराला कोपर लावून
बिस्किटांत क्रीम भरणारी,
नवऱ्यामागून अमेरिकेत गेलेली.
डॉरिनची पेन्शन दर एप्रिलला वाढायची.
कायदा तसा आहे: त्या काठाला वाढ, या काठाला नाही.
मधे जेमतेम अर्धा मैल पाणी
आणि मालवाहू जहाजं, जी कुणालाच काही विचारत नाहीत.

एका नाताळात डॉरिनने कार्डात घालून
वर्षभराची वाढ पाठवली.
ऑड्रीने ती परत केली, सोबत आल्याची बिस्किटं,
आणि महिनाभर फोन उचलला नाही.

या खेपेला पाकीट उशिरा आलं.
कोट न काढताच ती खुर्चीत बसली.
"डॉरिन गेली. मंगळवारी."
मग हातमोज्याचं एकेक बोट ओढत:
"तिची वाढणारी थांबली.
माझी थांबलेली चालू आहे."

मला काही सुचलं नाही. मी पेन उघडलं.
नाव. हुद्दा. पत्ता.
अर्जदाराला किती वर्षं ओळखता?
मी आकडा लिहायला लागले, अकरा.
तिने वाकून पाहिलं,
थंडीने लाल झालेलं बोट चौकटीवर टेकवलं.

"बारा कर," ती म्हणाली.
"कुठेतरी वाढू दे."