हातचा एक

मिल्ड्युराच्या पॅकिंग शेडमध्ये सगळेच म्हणतात,
'आय रेकन.'
आय रेकन दुपारपर्यंत बेचाळीस डिग्री होईल.
आय रेकन मालक पुन्हा नवी गाडी घेणार, कर्ज काढून.
आय रेकन ह्या पेटीतली संत्री आतून कोरडी.
मला वाटलं, वाक्याआधी घसा खाकरायची
ही इथली रीत असेल.

म्हणून पहिल्याच आठवड्यात म्हणाले,
'आय रेकन माझं नाव गुलचेहरा.'
पट्ट्यावरची संत्री तशीच पुढे गेली,
कुणी उचलली नाहीत.
मेलेआने तर हसता हसता खाली बसली.

मर्व्ह हसला नाही.
सत्तरीचा माणूस, डाव्या हाताला साडेतीन बोटं.
म्हणाला, 'नाव तुला माहीत आहे.
माहीत असलेल्याला रेकन लागत नाही.
अजिबात माहीत नसलेल्यालाही नाही.
मधल्यासाठी असतं ते.'
मग पुठ्ठ्यावर बेरीज मांडली,
डोक्यावर लहानसा एक लिहिला.
'हा हातचा. बोलायचं, पण हा राखून.'

हातचा मला ठाऊक होता.
क्वेट्ट्यात गालिच्याच्या गाठी मोजताना
तोच तर विसरायचे.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत एक वाक्य.
उलट्या क्रेटवर बसून, संत्रं सोलत
तो निकाल द्यायचा.
आय रेकन आज मंगळवार.
'चूक. कॅलेंडर बघ.'
आय रेकन मला भूक लागली.
'चूक. पोटाला विचार, ते नक्की सांगेल.'
आय रेकन मेलेआनेला दिवस गेलेत.
'बरोबर. पण हळू बोल.'

एकदा मी म्हणाले,
कागदावर माझा जन्म एक जानेवारीचा,
आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा असतो तसा.
पण आई सांगायची, छपरावर जर्दाळू वाळत होते
आणि कळा सुरू झाल्यावरही
ती ते उलटत होती.
आय रेकन माझा जन्म जुलैतला.

मर्व्हचा चाकू थांबला.
'बरोबर,' म्हणाला,
आणि अर्धं संत्रं दिलं.
एरवी दोन फोडींच्या वर देत नाही.

जूनमध्ये तो चार दिवस आला नाही.
पाचव्या दिवशी क्रेटवर येऊन बसला,
डबा आणला नव्हता.
'डॉक्टर रेकन्स,' म्हणाला,
'ख्रिसमसपर्यंत.'

मी वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं.
कर्ता, क्रियापद, शेवटचा 'स',
सगळं जागेवर.
कुठेच चूक सापडेना.
तेव्हा आहे तेच धरून म्हणाले,
'रेकन्स म्हणालास ना?
म्हणजे त्याला माहीत नाही.
हातचा राहिलाय अजून.'

तो बघत राहिला माझ्याकडे,
प्रत ठरवताना फळाकडे बघतो तसा, वळवून वळवून.
मग खिशातून चाकू काढला.
'आण एक,' म्हणाला.
'कोरडंच निघणार, आय रेकन.'

नाही निघालं.
रस साडेतीन बोटांवरून
कोपरापर्यंत ओघळला,
तो पुसायच्या आत
सुट्टी संपल्याची घंटा झाली.