उंटाला वजन नाही

रीमाने तिसऱ्यांदा फाईल परत पाठवली.
एकच ओळ: उंट तरंगतोय.

पंधरा सेकंदांची जाहिरात, उंटिणीच्या दुधाचं चॉकलेट,
आणि माझा उंट वाळूवर असा चालतो
जसा जत्रेतला फुगा, दोरी सुटायच्या बेतात.
सांधे सगळे जागच्या जागी,
मान डुलते, पापण्यासुद्धा लवतात.
फक्त तो कुठे टेकत नाही.

खरे उंट बघून आले मी अल ऐनच्या बाजारात,
दोनशे फोटो, अकरा व्हिडिओ.
उंटांनी माझ्याकडे बघितलं
शाळा तपासायला आलेले साहेब बघतात तसं,
आणि रवंथ चालू ठेवलं.

रात्री चौदाव्या मजल्यावर एसी घोरतो.
मी चोवीस चित्रांचा एक सेकंद
उलगडते, गुंडाळते, पुन्हा उलगडते.
वेळ मोजायला मनात अजून माग लावते:
खटक्-खट, खटक्-खट.
इचलकरंजीत बाबा जॉबर होते,
धोटा इकडून तिकडे गेला की एक,
परत आला की दोन.
हे टायमिंग कुठल्या कॉलेजात शिकलीस, रीमा विचारते.
मी सांगते, झोपेत.

शुक्रवारी खोली खायला उठली
म्हणून शारजाच्या खाडीवर गेले.
धक्क्याला लाकडी गलबतं, बोसासोला निघालेली,
टायर, गाद्या, कांद्याची पोती, फ्रीज.
एक माणूस पाठीवर वॉशिंग मशीन घेऊन
फळीवरून वर चढत होता.

चढत होता म्हणजे, आधी थांबला.
ते थांबणं मी कधी काढलंच नव्हतं.
कंबर दोन बोटं खाली गेली,
फळीने जरा आढेवेढे घेतले, मग लवली,
डावा गुडघा बाहेरच्या अंगाला फाकला,
मग टाच,
मग उरलेला माणूस.
डोकं सगळ्यात शेवटी पोचलं,
मागून चालत आल्यासारखं.

वही घरी. करक चहाच्या कागदी कपावर काढलं,
कप भरला तेव्हा पार्किंगच्या पावतीमागे,
मग मनगटावर.
काढता काढता आठवले
गल्लीतून सुताचं बीम खांद्यावर नेणारे दोघं,
आणि त्यांच्या मागे आम्ही पोरं,
त्यांचीच चाल करत, रिकाम्या खांद्यांनी.
मला तेव्हा वाटायचं, जमली.

त्याचं नाव हासम, गाव सलाया.
काय काढतेस?
चाल.
चाल काढायचे पैसे देतात?
देतात.
त्याने गमछ्याने मान पुसली.
उचलायचेपण देतात, म्हणाला,
महिना संपून दुसरा संपत आला की.

पुढच्या फेरीला गलबत परत लागलं
तेव्हा त्याला फोनवर उंट दाखवला.
एकदा बघितला. परत बघितला.
तिसऱ्यांदा अंगठ्याने मध्येच थांबवला.

हा गुडघा माझा आहे, म्हणाला.
सलालाच्या बंदरात शिडीवरून पडलो होतो,
तेव्हापासून असाच.
मग बराच वेळ उंटाकडे बघत राहिला,
घरच्या कुणाकडे बघावं तसा.
राहू दे त्याला, म्हणाला.
फक्त उतारावर जपून चालव.

रीमाने फाईल ठेवून घेतली. ओळ आली नाही,
अंगठ्याचं चित्र आलं.

जाहिरात आता मॉलमध्ये लागते,
सरकत्या जिन्यासमोरच्या पडद्यावर.
गिऱ्हाइकाने शेवटच्या दिवशी तळाला पट्टी टाकली,
लाल, रुंद, किमतीची.
पाय झाकले गेले चारही, गुडघ्यासकट.

मी जिन्यावरून वर जाताना बघते.
पट्टीच्या वर नुसती पाठ आणि मान.
पाठ जराशी खचते.
मान थोडी उशिरा पोचते.